आधी टेलला पाणी

कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात कालव्यांइतकीच जुनी आहे. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही. ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी, त्याच्या बांधावरून पाणी आधी जातं. तो आपलं पीक भिजवतो, आणि थोडं जास्तच भिजवतो, कारण पुढचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पुढची पाळी, वेळेवर सुटेल याची खात्री त्यालाही नसते. त्याच्या खालचा तेच करतो, आणि त्याच्याही खालचा. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाच केलेला असतो, आणि तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाच्या चारीत गवत वाढतं. धरण भरलेलं आहे, कालवा बांधून झाला आहे, सरकारी नकाशात शेत लाभक्षेत्रात रंगवलेलं आहे, आणि शेतात पाणी नाही.

हे कोडं नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सोडवलं. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्यांवर शेतकऱ्यांच्या चोवीस संस्था पाणी वाटतात, आणि त्या सगळ्यांची मिळून झालेली एक संस्था अख्ख्या प्रकल्पाचं वाटप सांभाळते.

मला याचं अप्रूप केवळ शेतीपुरतं नाही. नफा वाटून घ्यायचा नाही अशी कोणतीही संस्था, मग ती शाळा असो, वाचनालय असो की दवाखाना, नीट चालते तेव्हा तिच्या आत नेमकं काय घडत असतं, हे इतक्या उघडपणे दिसेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. एरवी संस्थेचा कारभार इतिवृत्तात आणि ताळेबंदात लपलेला असतो. इथे तो चारीतून वाहताना दिसतो आणि लिटरमध्ये मोजता येतो.

आधी हे कोडं सार्वजनिक संस्थांना कसं लागू पडतं ते पाहू. दुकानात माल खराब निघाला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, गल्ला रिकामा होतो आणि मालकाला लगेच कळतं. सार्वजनिक संस्थेत पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा. देणगीदार ठाण्याला राहतो, मूल सुरगाण्याच्या पाड्यावर शिकतं. त्या मुलाला चौथीतही वाचता येत नसलं, तरी ठाण्याला ते कळत नाही. आणि मुलाच्या आईला हे कुणाला विचारायचं ते ठाऊक नसतं. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक हेन्री हॅन्समन यांनी १९८० मध्ये अशा संस्थांचं एक लक्षण मांडलं, ते आजही आधाराला घेतलं जातं: संस्थेत शिल्लक राहू शकते, पण ती संस्था चालवणाऱ्यांना आपसात वाटून घेता येत नाही. या एका बंधनाच्या भरवशावर लोक अनोळखी माणसांच्या हाती पैसा देतात. विचार केला तर ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण हे बंधन चोरीला अडवतं. आळसाला, ढिलाईला, वर्षानुवर्षांच्या सवयीला ते अडवत नाही. त्यासाठी विचारणारं माणूस लागतं, आणि ते नेमकं कुठे बसवायचं, यावर संस्थेचं बरंवाईट ठरतं.

नाशिकला संस्थांची वाण नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० चं. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. त्याचे सभासद दहा हजारांच्या घरात, आणि दर पाच वर्षांनी होणारी त्याची निवडणूक तालुक्यातालुक्यात विधानसभेच्या तोडीने लढवली जाते. सभासदाला मत असल्यामुळे कारभाऱ्यांना गावोगाव जाऊन उत्तरं द्यावी लागतात. विचारणारा बसवण्याची ही एक रीत झाली. वाघाडची रीत निराळी आहे.

ओझर बहुतेकांना मिग विमानांच्या कारखान्यामुळे ठाऊक असतं. गावाजवळून बाणगंगा वाहते, आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, आणि वाघाडच्या कालव्याचा शेवट या शिवारात होतो. म्हणजे ओझर टेलला. समाज परिवर्तन केंद्र ही इथली छोटी सामाजिक संस्था, आणि बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे हे तिचे त्या वेळचे कर्ते कार्यकर्ते. कालव्याच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतल्यावर त्यांनी जी मागणी पुढे आणली, तिच्यात सगळ्या कहाणीचं बीज आहे. आम्हाला पाणी द्या, इतकंच त्यांचं म्हणणं नव्हतं. आमच्या चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्या. पुढचं वाटप आम्ही करू, पाणीपट्टीही आम्हीच गोळा करून भरू. शासन घाऊक देणार, शेतकरी किरकोळ वाटणार. १९९० च्या सुमारास त्यातून तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्या काळी पाणीवापर संस्थांचा वेगळा कायदा नव्हता, म्हणून सहकाराच्या कायद्याचाच आधार घ्यावा लागला.

'मोजून' म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. तोवर शेतकरी नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा: कोणतं पीक, किती क्षेत्र. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर. शेतात दोन बोटं पाणी आलं काय आणि वीतभर आलं काय, पट्टी तीच. अशा व्यवस्थेत पाणी वाचवणारा वेडा ठरतो, आणि कमी मिळालेल्याला आपल्याला किती कमी मिळालं हेसुद्धा सांगता येत नाही. अन्याय झाला आहे हे कळतं, त्याचा आकडा कळत नाही.

हा आकडा मिळवण्याचं साधन इतकं साधं आहे की पाहत राहावं. चारीच्या तोंडाशी सिमेंटचा एक अरुंद गळा बांधतात आणि शेजारच्या भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी बसवतात. पाणी त्या गळ्यातून जाताना वेग घेतं. त्या वेगामुळे गळ्याच्या पुढे चारीत काय चाललं आहे याचा परिणाम मागच्या पातळीवर होत नाही. म्हणून एका जागी एकच आकडा वाचला की किती पाणी चाललं आहे ते कळतं. वीज नको, यंत्र नको. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: प्रवाह हा पातळीच्या दीड घाताने वाढतो. पट्टीवर पाणी दुप्पट चढलं, तर प्रवाह जवळजवळ २.८ पट होतो. त्यामुळे पट्टीवरची चार बोटांची चढउतारही क्षुल्लक नसते, आणि ती वाचायला शिकलेल्या शेतकऱ्याची नजर बदलून जाते.

सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर, हा एक क्युसेक. असा प्रवाह चोवीस तास अखंड चालला तर सुमारे २,४५० घनमीटर पाणी येतं. एका हेक्टरावर ते पसरलं तर २५ सेंटीमीटरच्या आसपास उभं राहील. धरणाचे आकडे येतात ते दलघफूमध्ये, म्हणजे दहा लाख घनफुटांत. एक दलघफू पाणी एका क्युसेकने द्यायचं तर साडेअकरा दिवस लागतात. एवढी तीन-चार गणितं सभासदांना येऊ लागली की सभेतलं बोलणंच वेगळं होतं. शाखा अभियंता आणि संस्थेचा प्रतिनिधी एकाच गेजपाशी, म्हणजे त्या मोजपट्टीपाशी, उभे राहतात, एकच पट्टी वाचतात, एकाच नोंदीवर दोघं सही करतात. अधिकाऱ्याचा आकडा आणि शेतकऱ्याचा आकडा एक झाला. कितीतरी मोठ्या, श्रीमंत सामाजिक संस्थांना आपण दिलेली सेवा लाभार्थ्याच्या आणि आपल्या दोघांच्या सहीने अशी एका आकड्यावर आणता आलेली नाही.

मोजून पाणी घेतल्यावर आणखी एक दार उघडलं. वाट्याचं पाणी ठरलेलं असेल, तर त्यावर कोणतं पीक घ्यायचं हे शासनाने विचारण्याचं कारण उरत नाही. द्राक्षाला पाणी थोडं थोडं आणि वरचेवर लागतं. कालव्याचं आवर्तन मात्र काही आठवड्यांनी येणार. ओझरच्या लोकांनी बाणगंगेच्या आणि नाल्यांच्या पात्रात बंधारे घालून पाणी अडवलं, जिरवलं, विहिरींत उतरवलं आणि तिथून ठिबकने बागेला दिलं. कालवा आणि विहीर ही सरकारी कागदांवर दोन वेगळ्या खात्यांची प्रकरणं. शेतकऱ्याच्या हाती कारभार आला तेव्हा ती एका हिशेबात आली.

आता मूळ कोड्याकडे येतो. टेलपर्यंत पाणी न्यायचं कसं? उत्तर तसं जुनंच आहे आणि ऐकायला उलटं वाटतं: टेलपासून सुरुवात करायची. सिंचनाच्या भाषेत याला शेजपाळी म्हणतात. आवर्तन सुटलं की वरची दारं बंद, पाणी थेट शेवटच्या शेतावर. त्याचं झालं की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, असं करत तोंडाशी यायचं. नियम म्हणून ही पद्धत पुस्तकात होतीच. ती पाळली जाईल अशी संस्था नव्हती.

हा क्रम इतका प्रभावी का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. टेलला पाणी द्यायचं तर ते वरच्या प्रत्येकाच्या शेतापुढून जातं. म्हणजे वरच्याला वगळता येतच नाही. त्याची पाळी शेवटची असली तरी पाणी त्याच्या डोळ्यांसमोर आहे. टेलवाल्याला वगळणं मात्र फार सोपं, कारण त्याच्यापर्यंत न येणाऱ्या पाण्याचा आवाजही येत नाही. मग धोका कुणी पत्करायचा? जो स्वतःला सांभाळू शकतो त्याने. शेजपाळी नेमकं हेच करते. शिवाय चारीत गाळ साचला, कुठे फुटली, कुणी रात्री दार उचललं, तर टेलचं भिजणं लांबतं आणि वरच्याची पाळी पुढे जाते. त्यामुळे ज्याला पूर्वी चारीच्या खालच्या भागाशी देणंघेणं नव्हतं, तोच ती साफ आहे ना हे पाहायला लागतो. कुणाला उपदेश करावा लागला नाही. फक्त क्रम फिरवला, आणि प्रत्येकाचा स्वार्थ दुसऱ्याच्या राखणीला लागला.

पुढे हे लोण वर सरकत गेलं. ओझरच्या तीन संस्थांचं पाहून कालव्यावरच्या इतर गावांनी संस्था केल्या, आणि २००३ च्या सुमारास वाघाडची प्रकल्पस्तरीय पाणीवापर संस्था झाली. दिंडोरी तालुक्यातलं मोहाडी हे तिचं ठिकाण. अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांच्या संस्थेने पाहणं ही राज्यात पहिलीच गोष्ट होती. त्यानंतर २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा केला. ओझर-वाघाडचा अनुभव त्या काळात सर्वांसमोर होता, आणि कायद्यातली काही कलमं वाचताना मला अगदी भरून येतं. संचालक मंडळात हेड (कालव्याचं तोंड), मध्य आणि टेल या तिन्ही भागांतून सारख्या संख्येने माणसं. महिलांसाठी राखीव जागा. मंडळाची मुदत सहा वर्षांची. अध्यक्षपद दोन-दोन वर्षांनी फिरणारं, आणि पहिली पाळी टेलच्या संचालकाची. ज्याला सगळ्यांत शेवटी मिळण्याची भीती, त्याच्या हाती आधी किल्ली. लघुवितरिका, वितरिका, कालवा, प्रकल्प अशा चार पायऱ्यांच्या संस्था. हक्क ठरायचा तो घनमीटरमध्ये, आणि धरण कमी भरलं तर कपात सगळ्यांना एकाच प्रमाणात.

हे सगळं नवीन आहे का? नाशिक जिल्ह्याच्याच उत्तरेला बागलाणात जाऊन पाहावं. मोसम आणि आरम नद्यांवर, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, फडपद्धत काही शतकं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी नेणारे सारंग, आणि जादा पाणी परत नदीत सोडणाऱ्या सांडम. भिजणाऱ्या जमिनीचे मोठाले भाग पाडलेले, त्यांना फड म्हणायचं. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवणार.

इथे कारभाराचं जे शहाणपण भरलं आहे त्याने थक्क व्हायला होतं. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत. त्यामुळे एक फड पडीक ठेवला तर झळ सगळ्यांना. कायमचा हेडवाला आणि कायमचा टेलवाला असा भेदच फारसा उरत नाही. एका फडात एकच पीक, म्हणजे सगळ्या शेतांची तहान एकाच वेळची आणि एकाच मापाची. कुणाला जास्त दिलं हे रांगेतल्या पिकावरूनच दिसणार. आणि सर्वांत मोलाची गोष्ट: शेतकरी स्वतः दारं धरत नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो सगळ्यांच्या शेतांना क्रमाने पाणी देतो. जागल्या पिकांची राखण करतो, हवालदार या सर्वांवर देखरेख ठेवतो, आणि यांचं वेतन सगळे शेतकरी मिळून देतात. ज्याला लाभ मिळणार आहे त्याचा हात वाटपाच्या दारावर नको, हे तत्त्व आजच्या विश्वस्त कायद्यांचा कणा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १३ होतं ते याचसाठी: संस्थेचा पैसा संस्थापकाच्या किंवा विश्वस्ताच्या कुटुंबाच्या कामी आला तर करसवलतीवर पाणी सोडावं लागे. मोसम खोऱ्यातल्या माणसांनी तेच पाटकऱ्याच्या हाती दार देऊन साधलं होतं, वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा रिवाज ठेवून टिकवलं होतं.

जगात इतरत्रही हे घडलं आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथीड्रलच्या दारात पाणी-न्यायालय भरतं. पाटांचे निवडून दिलेले आठ प्रतिनिधी गोल बसतात, तक्रार तोंडी, निवाडा तोंडी आणि तिथल्या तिथे. शेकडो वर्षांची ही प्रथा, युनेस्कोने २००९ मध्ये तिला मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सगळ्यांच्या मालकीची गोष्ट लुटलीच जाते, ती एक तर सरकारच्या नाही तर खासगी मालकाच्या हाती द्यावी लागते, असं मानलं जात होतं. ऑस्ट्रम यांनी स्पेन, फिलिपाईन्स अशा देशांतल्या पाटांचे, तसेच कुरणांचे, मासेमारीचे दाखले गोळा केले आणि १९९० च्या ग्रंथात दाखवलं की लोक स्वतः नियम करून या गोष्टी पिढ्यानपिढ्या सांभाळतात. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना समान खुणा आढळल्या. सभासद कोण हे स्पष्ट असतं. नियम जागेला साजेसे असतात आणि ते बदलण्यात नियम पाळणाऱ्यांचा हात असतो. देखरेख करणारा लोकांना बांधील असतो. पहिल्या चुकीला सौम्य दंड, पुढच्या चुकीला वाढता. भांडण मिटवायची जागा जवळ असते. शासन त्यांचा हक्क मान्य करतं. आणि मोठी व्यवस्था असेल तर लहान संस्थांवर मोठी संस्था अशी चढण असते. ही यादी हातात घेऊन वाघाडला गेलं तर एकेक खूण बांधावर सापडत जाते. नेपाळमधल्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात तर असंही दिसलं की शेतकऱ्यांनी चालवलेले मातीचे ओबडधोबड पाट सरकारी काँक्रीटच्या कालव्यांपेक्षा टेलला जास्त चांगलं पाणी पोहोचवत होते. सिमेंटपेक्षा करार भारी पडला.

समाज परिवर्तन केंद्राकडे पुन्हा वळलं पाहिजे, कारण माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी पाण्याच्या आकड्यांत दिसत नाही. हे केंद्र वाटपाचा धनी होऊ शकलं असतं. लोकांचा विश्वास होता, अधिकाऱ्यांशी ओळख झाली होती. पण त्याने पाणी स्वतःच्या हातात ठेवलं नाही. शेतकऱ्यांच्या स्वतंत्र संस्था उभ्या केल्या, सभासदांना गेज वाचायला, दप्तर ठेवायला मदत केली, भांडणात मध्यस्थी केली, आणि कारभार त्यांचा त्यांना करू दिला. स्वयंसेवी कामात हे विलक्षण अवघड आहे. ज्या कामाने संस्थेचं नाव होतं, ते काम दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचं असतं.

कायदा इथे काय मदत करतो? सामाजिक संस्था आपल्याकडे साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदली जाते, आणि तिचं दप्तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात उघडतं. असं एक कार्यालय नाशिकलाही आहे. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, जमीन घेतली, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकायची असेल तर कलम ३६ प्रमाणे आधी आयुक्तांची मंजुरी लागते. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून ते तपासून घ्यावे लागतात. गावातल्या दात्याने शाळेसाठी दिलेली दोन एकर जमीन चार पिढ्यांनंतरही शाळेचीच राहावी, याची काळजी एका कोरड्या वाटणाऱ्या कलमात घेतलेली आहे, आणि मला ते कलम फार मोठ्या मनाचं वाटतं. पण कायदा कागद वाचतो. ठराव झाला का, सूचना गेली का, गणपूर्ती होती का, एवढं तो विचारू शकतो. पाणी पोहोचलं का, हे टेलच्या माणसालाच विचारावं लागतं. म्हणून कुठल्याही विश्वस्त मंडळात मी आधी हे शोधतो, की ज्याला सेवा शेवटी आणि सगळ्यांत कमी मिळते त्याच्यासाठी मंडळात खुर्ची आहे का, आणि त्याच्या हाती मोजपट्टी आहे का. वसतिगृह असेल तर दूरच्या पाड्यावरच्या मुलीची आई. दवाखाना असेल तर रांगेतून परत गेलेला पेशंट. मोठी नावं लेटरहेडवर असतातच.

वाघाडसारखं सगळीकडे झालं नाही. २००५ नंतर राज्यात कितीतरी पाणीवापर संस्था नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ कागदावर राहिल्या. कुठे कालवा दुरुस्त न करताच गळ्यात मारला, कुठे मोजयंत्रच बसलं नाही, कुठे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी सह्या घेतल्या. ओझरला लोकांनी आधी मागणी केली आणि संस्था नंतर आली. इतरत्र संस्था आधी आली आणि लोकांना बोलावणं नंतर गेलं. गेज नसलेली पाणीवापर संस्था ही सभासदांना कशाबद्दल विचारायचं हेच कळू न देणारी संस्था आहे. ज्यांच्या वाट्याला अशी संस्था आली त्यांच्यावर अन्याय झाला असं मी स्पष्ट म्हणेन, कारण पाणी नसलं तर निदान मागता येतं. अशा ठिकाणी मागण्याची जागाही अडवून ठेवली गेली.

आणि मग ती गोष्ट, जिच्यापाशी वाघाडचं गणितही थांबतं. ओझर कालव्याच्या टेलला आहे, पण गोदावरीच्या खोऱ्यात अख्खा नाशिक जिल्हा हेडला आहे. वाघाड ज्यात येतं तो पालखेड समूह, गंगापूर, दारणा, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा आणि प्रवरा, ही सगळी वर. खाली पैठणचं जायकवाडी, आणि त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणीपर्यंत गेलेला. २००५ च्याच दुसऱ्या एका कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. त्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्वांना पाणी समन्यायी मिळावं असं कलम आहे. त्या आधाराने मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचं. २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. तरी पाऊस ओढ देतो त्या प्रत्येक वर्षी नाशिकमध्ये पाणी सोडायला विरोध होतो आणि मराठवाड्यात ते सोडा म्हणून आंदोलन होतं. द्राक्षबागेत पैसा आणि वर्षाची मेहनत घातलेल्या माणसाची भीती खोटी नाही. परभणीच्या टेलची तहानही खोटी नाही.

कायद्यात चार पायऱ्या आहेत, प्रकल्पाशी येऊन थांबणाऱ्या. खोऱ्याच्या पायरीवर पाटबंधारे महामंडळ आहे, प्राधिकरण आहे, न्यायालय आहे. सभासदांची संस्था तिथे नाही. मोहाडीचा आणि परभणीचा शेतकरी एका गेजपाशी उभे राहून एका नोंदीवर सही करतील, अध्यक्षपदाची पहिली पाळी परभणीची असेल, अशी संस्था अजून कुणी बांधलेली नाही. ती बांधायची कशी, हे ज्यांना सगळ्यांत जास्त कळतं ती माणसं ओझर-दिंडोरीत आहेत, आणि या खेपेला ती हेडला आहेत.